सिमांकासचा किल्ला आणि त्यातील दफ्तर : पाहावे कसे, वाचावे कसे

गोवा, वसई आणि चौल यांच्या पोर्तुगीज काळाचा अभ्यास करणाऱ्याची नजर साहजिकच लिस्बनकडे वळते, आणि ते योग्यही आहे. परंतु १५८० पासून १६४० पर्यंतची साठ वर्षे पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचेच राजे होते, आणि गोव्याच्या व्हाइसरॉयने पाठवलेल्या पत्रांवर अखेरचा शब्द त्यांचाच असे. त्या राजांच्या सरकारी दफ्तराचा फार मोठा भाग आजही ज्या किल्ल्यात ठेवलेला आहे, तो किल्ला स्पेनच्या कास्तील प्रदेशात, वायादोलिद शहराच्या नैऋत्येस दहा-अकरा किलोमीटरवर, पिसुएर्गा नदीच्या काठी वसलेल्या सिमांकास या लहानशा जुन्या गावात आहे. हे गाव आणि किल्ला कसा पाहावा, आणि किल्ल्यातील अभिलेखागारात काम करायचे असल्यास त्याची तयारी कशी करावी, हे येथे सांगायचे आहे. केवळ पर्यटनासाठी जाणाऱ्याला सिमांकासला अर्धा दिवस पुरतो. कागद वाचायला जाणाऱ्याने मात्र किमान एक आठवडा राखून ठेवावा, कारण पहिले एक-दोन दिवस अक्षराशी ओळख होण्यातच जातात.

हे दफ्तर येथे कसे आले

दफ्तराची रचना समजण्यासाठी त्याचा इतिहास थोडक्यात माहीत असणे आवश्यक आहे, कारण कोणता कागद येथे शोधावा आणि कोणता शोधू नये, याचे उत्तर त्या इतिहासातच आहे.

गाव रोमन काळाइतके जुने आहे. ९३९ साली लेओनचा राजा दुसरा रामिरो याने कोर्दोबाचा खलिफा तिसरा अब्द अल-रहमान याला याच परिसरात माघार घ्यायला लावली. किल्ल्याचे आजचे रूप बहुतांशी पंधराव्या शतकातले असून ते कास्तीलच्या आरमारप्रमुखाचे पद वंशपरंपरेने भूषवणाऱ्या एन्रीकेस घराण्याचे काम आहे. पुढे राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांनी तो आपल्या ताब्यात घेतला आणि राजसत्तेने त्याचा तुरुंग केला. १५४० साली सम्राट पाचव्या कार्लोसच्या आदेशावरून राजसत्तेच्या हक्कांसंबंधीचे मोलाचे दस्तऐवज येथे आणून ठेवण्यास सुरुवात झाली. जाड भिंती, पहारा आणि वायादोलिदमधील राजदरबाराची जवळीक या तिन्ही गोष्टी येथे आयत्या होत्या.

कार्लोसचा मुलगा दुसरा फेलिपे हा कागदांच्या बाबतीत विलक्षण काटेकोर राजा होता. त्याने १५६१ मध्ये दिएगो दे आयाला याला अभिलेखपाल नेमले, हुआन दे एरेरा या वास्तुविशारदाकडून किल्ल्याच्या अंतर्भागाची फेररचना आखून घेतली, आणि १५८८ साली दफ्तराच्या कारभाराचे लेखी नियम जारी केले. त्याच वर्षी त्याने इंग्लंडवर आरमार पाठवले होते. आरमार बुडाले, नियम टिकले. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १५९५ मध्ये गोव्यात सरकारी दफ्तराची स्थापना झाली आणि दियोगु दो कौतु या इतिहासकाराची त्यावर नेमणूक झाली, ती याच राजाच्या आज्ञेने. पणजीतील आजचे अभिलेखागार हे त्या दफ्तराचे वारस आहे.

यानंतरच्या दोन घटना अभ्यासकाच्या थेट उपयोगाच्या आहेत. पहिली म्हणजे १७८५ मध्ये तिसऱ्या कार्लोसने अमेरिकेतील आणि फिलिपाइन्समधील वसाहतींचे कागद एकत्र करण्यासाठी सेव्हिल येथे स्वतंत्र अभिलेखागार काढले आणि सिमांकासमधील त्या विषयाचे गठ्ठे तिकडे हलवले. म्हणून मनिला किंवा मेक्सिको यांच्यासंबंधीचे काम सेव्हिलला करावे. दुसरी घटना नेपोलियनच्या काळातली. फ्रेंचांनी येथील पुष्कळसे कागद पॅरिसला नेले. त्यांतील बहुतेक १८१६ मध्ये परत आले, परंतु फ्रान्सशी संबंधित काही गठ्ठे तेथेच राहिले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परतले. या गठ्ठ्यांना पॅरिसमध्ये ‘के’ या अक्षराने सुरू होणारे क्रमांक दिले गेले होते आणि ते आजही तसेच चालतात. त्यामुळे एखाद्या जुन्या ग्रंथाच्या तळटीपेत पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘के’ क्रमांकाच्या स्पॅनिश पत्राचा हवाला दिसला, तर ते पत्र पॅरिसमध्ये शोधण्याआधी सिमांकासच्या सूचीत पाहावे.

१८४४ पासून हे दफ्तर संशोधकांसाठी खुले आहे, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश केला.

गाव आणि किल्ला

माद्रिदच्या चामार्तिन स्थानकावरून वेगवान रेल्वेने वायादोलिदला सुमारे तासाभरात पोहोचता येते, आणि तेथून सिमांकासला बस जाते. मुक्काम वायादोलिदमध्येच करावा. सिमांकासमध्ये राहण्याच्या सोयी मोजक्या आहेत आणि सायंकाळी तेथे करण्यासारखे फारसे काही नसते.

गाव पाहायला सुरुवात नदीकडून करावी. पिसुएर्गावरचा मध्ययुगीन दगडी पूल १७ कमानींचा आहे, आणि पुलावरून मागे वळून पाहिले की गाव उंचावर का वसले आणि किल्ला नेमका कशावर नजर ठेवून होता, हे नकाशाशिवाय कळते. येथून खाली थोड्याच अंतरावर पिसुएर्गा दुएरो नदीला मिळते, आणि दुएरो पुढे पोर्तुगालमधून वाहत जाऊन समुद्राला मिळते. पुलावरून चढ चढून गावात आल्यावर एल साल्वादोर हे चर्च लागते. त्याचा मनोरा बाराव्या शतकातला, रोमनेस्क शैलीचा आहे, तर बाकीची इमारत सोळाव्या शतकात नव्याने बांधलेली आहे. दोन्हींच्या दगडकामातला फरक जवळ उभे राहून पाहण्यासारखा आहे.

किल्ल्याभोवती कोरडा खंदक असून आत जाण्यासाठी त्यावर दगडी पूल आहे. प्रथम खंदकाच्या बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावी. बाहेरचा तट आणि बुरुज लढाऊ किल्ल्याचे आहेत. त्यांच्या आत दिसणाऱ्या उंच भिंती, नेमक्या अंतरावरच्या खिडक्या आणि उतरती छपरे मात्र एखाद्या सरकारी कचेरीची आहेत. लष्करी वास्तू आणि प्रशासकीय वास्तू यांचा असा सांधा फार थोड्या ठिकाणी इतका स्पष्ट दिसतो.

तुरुंग म्हणून या किल्ल्याने काय काय पाहिले, हे माहीत असेल तर प्रदक्षिणा निराळीच वाटते. कास्तीलमधील नगरांनी कार्लोसविरुद्ध केलेले बंड १५२१ मध्ये व्हियालारच्या लढाईत मोडले गेले. त्या बंडात सामील झालेला सामोराचा बिशप आकुन्या याला येथे कैदेत ठेवण्यात आले. पळून जाण्याच्या प्रयत्नात त्याने किल्लेदाराला ठार केले, आणि १५२६ मध्ये त्याला येथेच देहान्त शिक्षा देण्यात आली; किल्ल्यातील एक मनोरा आजही ‘बिशपचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. १५७० मध्ये नेदरलँड्समधील सरदार मोंतीन्यी याला दुसऱ्या फेलिपेच्या हुकमावरून येथे गुप्तपणे ठार मारण्यात आले आणि तो आजारपणाने मेला असे जाहीर करण्यात आले. खरी हकीकत पुढे कळली ती याच किल्ल्यात जपून ठेवलेल्या सरकारी कागदांवरून. गुन्हा लपवणाऱ्याने त्याची नोंद मात्र व्यवस्थित लावून ठेवली, हे त्या राजवटीच्या स्वभावाला धरूनच झाले. आयर्लंडचा बंडखोर सरदार ह्यू ओडॉनेल याचाही स्पॅनिश मदत मागायला आला असताना १६०२ मध्ये याच किल्ल्यात मृत्यू झाला.

किल्ला ही चालू सरकारी कचेरी आहे. जेथे गठ्ठे ठेवलेले आहेत ती दालने पर्यटकांना मोकळेपणाने हिंडण्यासाठी नाहीत. सामान्य पाहुण्यासाठी प्रदर्शनाचे दालन असते, आणि गटाने जायचे असल्यास आधी लेखी विचारणा करावी. प्रदर्शनात बहुधा प्रतिकृती मांडलेल्या असतात आणि तसेच असावेही. उजेडाने शाई फिकी पडते.

वायादोलिद आणि तोर्देसिल्यास

अभिलेखागाराचे काम मुख्यतः दुपारपर्यंत चालते, त्यामुळे दुपारनंतरचा वेळ मोकळा मिळतो. तो वायादोलिदमध्ये घालवावा. सान पाब्लो चर्चच्या चौकातील पिमेंतेल वाड्यात १५२७ मध्ये दुसऱ्या फेलिपेचा जन्म झाला. शेजारच्या सान ग्रेगोरिओ विद्यालयात, जेथे आज राष्ट्रीय शिल्पसंग्रहालय आहे, १५५०–५१ मध्ये धर्मगुरू लास कासास आणि पंडित सेपुल्वेदा यांच्यात अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या हक्कांवरून प्रसिद्ध वाद झाला. शहराचे कॅथीड्रल एरेराने आखले आणि ते अपुरेच राहिले. सिमांकासचा आतला भाग पाहून आल्यावर ते पाहिले की एकाच हाताची शिस्त लगेच ओळखू येते. १६०१ ते १६०६ या काळात राजधानीच माद्रिदहून येथे आणली होती, हे तारखा पाहताना उपयोगी पडते: त्या पाच वर्षांतली पत्रे ‘वायादोलिद’ येथून सुटलेली दिसतील.

एक दिवस तोर्देसिल्याससाठी ठेवावा. वायादोलिदपासून सुमारे तीस किलोमीटरवर दुएरोच्या काठी असलेल्या या गावी ७ जून १४९४ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अटलांटिक महासागरात एक काल्पनिक रेषा ओढून जग वाटून घेतले. रेषेच्या पूर्वेकडचा भाग पोर्तुगालच्या वाट्याला आला, आणि चारच वर्षांनी वास्को द गामा कालिकतला पोहोचला. तह जेथे झाला असे मानतात ती घरे आता संग्रहालय म्हणून पाहता येतात, आणि जवळच सांता क्लारा हा मठ आहे. कार्लोसची आई हुआना हिला १५०९ पासून १५५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच गावात नजरकैदेत ठेवले होते.

निघण्यापूर्वीची तयारी

अभिलेखागारातील कामापैकी निम्मे काम घरी बसून करावे लागते. स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांची एकत्रित सूची ‘पारेस’ या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तीत अनेक कागदांची छायाचित्रेही पाहायला मिळतात. ज्या कागदाचे छायाचित्र तेथे आहे, तो पाहण्यासाठी सिमांकासपर्यंत जाण्याचे कारण नाही. मूळ प्रत सहसा हाती दिलीही जात नाही. विशेषतः नकाशे, आराखडे आणि रेखाचित्रे यांचा विभाग आधी पारेसवर नजरेखालून घालावा.

शोध घेताना ‘इंडियास’ या अनेकवचनी शब्दापासून सावध राहावे. स्पॅनिश सरकारी भाषेत त्याचा अर्थ अमेरिका असा होतो, आणि त्याने शोध घेतल्यास हजारो निरुपयोगी नोंदी समोर येतात. आपल्याकडच्या भूभागासाठी ‘इंडिया ओरिएन्ताल’ किंवा पोर्तुगीज ‘इश्तादु दा इंडिया’ हे शब्द वापरावेत, १५८० ते १६४० अशी वर्षांची मर्यादा घालावी आणि सिमांकास एवढेच अभिलेखागार निवडावे. व्यक्तींची आणि स्थळांची नावे त्या काळच्या लेखनाप्रमाणे शोधावीत. आदिलशहा हा ‘इदलकांव’ किंवा ‘इदालकान’, निजामशहा ‘निझामालुको’ आणि कुतुबशहा ‘कोतामालुको’ या नावाने येतो. चौल ओळखू येईल अशाच रूपात असते, परंतु वसईच्या पोर्तुगीज नावातील ‘सी’ अक्षराला खाली शेपटी असते आणि स्पॅनिश लेखनिक तेथे कधी ‘झेड’ घालतो. दोन्ही रूपे तपासावीत. एवढे करूनही काही सापडले नाही, तर कागद नाही असे मानू नये. पुष्कळ गठ्ठ्यांची नोंद फक्त विषय आणि वर्षे एवढ्यापुरतीच झालेली आहे; आतल्या प्रत्येक पत्राची सूची नाही. अशा वेळी शब्दशोध सोडून विभागांच्या वृक्षरचनेतून, वरून खाली, एकेक पायरी उतरत जावे.

विभाग निवडताना कागद कोणत्या कचेरीतून निघाला असेल, याचा विचार करावा. सिमांकासचे दफ्तर विषयानुसार लावलेले नाही. ते ज्या मंडळाकडून किंवा सचिवाकडून आले, त्यानुसार लावलेले आहे. ‘पात्रोनातो रेआल’ या विभागात राजसत्तेच्या हक्कांचे मूळ दस्तऐवज आहेत. राणी इसाबेलचे १५०४ चे मृत्युपत्र त्यांतच आहे. ‘एस्तादो’मध्ये परराष्ट्र व्यवहार आणि राजदूतांची पत्रे, ‘गेर्रा’ या नावाच्या विभागांत सैन्य आणि आरमार, तर हिशेब, तपासणी आणि खजिना यांचे स्वतंत्र, अवाढव्य विभाग आहेत. गोव्याशी संबंध असलेल्या अभ्यासकाने प्रथम ‘सेक्रेतारियास प्रोविन्सियालेस’ या विभागातील पोर्तुगालसंबंधीचे ग्रंथ पाहावेत. राजाजवळ राहून पोर्तुगालच्या कारभाराचा सल्ला देणाऱ्या मंडळाचे कागद त्यांत आहेत. १५८० च्या सत्तांतराची पार्श्वभूमी हवी असेल, तर ‘एस्तादो’मधील पोर्तुगालचे गठ्ठे पाहावेत.

येथे अपेक्षा आवरती ठेवणेही आवश्यक आहे. पोर्तुगालचा दैनंदिन कारभार स्पॅनिश राजवटीतही पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडे आणि पोर्तुगीज भाषेतच राहिला, कारण १५८१ मध्ये तोमार येथे दुसऱ्या फेलिपेने तसे वचन दिले होते. म्हणून सिमांकासमध्ये मिळते ते राजापर्यंत पोहोचलेले प्रकरण. जे लिस्बनमध्येच मिटले ते येथे नाही. गोव्यातील इन्क्विझिशन हे पोर्तुगीज धर्मन्यायालयाचा भाग होते, त्याचे कागद येथे शोधू नयेत. स्पॅनिश इन्क्विझिशनचे मुख्य दफ्तर माद्रिदच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो. व्हिसाच्या अर्जाच्या सुमारासच अभिलेखागाराला स्पॅनिशमध्ये एक छोटे ईपत्र पाठवावे, त्यात विषय, अपेक्षित तारखा आणि पाहायच्या गठ्ठ्यांचे क्रमांक द्यावेत, आणि ते गठ्ठे दुरुस्तीसाठी किंवा छायाचित्रणासाठी बाजूला काढलेले तर नाहीत ना, अशी विचारणा करावी. कामाची वेळ आणि सुट्ट्या सरकारी संकेतस्थळावर पाहूनच तिकिटे काढावीत. राष्ट्रीय सुट्ट्यांखेरीज प्रादेशिक आणि स्थानिक सुट्ट्या निराळ्या असतात. २३ एप्रिल ही कास्तील-लेओनची सुट्टी व्हियालारच्या त्या लढाईच्याच दिवशी येते.

वाचनकक्षात

वाचनकक्षाचा वापर विनामूल्य आहे. पारपत्र दाखवून नोंदणी करावी लागते. पिशवी, पाण्याची बाटली आणि शाईचे पेन बाहेर ठेवावे; पेन्सिल, कोरे कागद आणि संगणक जवळ असावा. छायाचित्रे काढण्याविषयी पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे, आपल्या मनाने मोबाईल पुढे करू नये.

येथील मूळ एकक म्हणजे ‘लेगाखो’, म्हणजे आपल्या पुणे दफ्तरातील रुमाल. एका लेगाखोत शेकडो सुट्या पानांचा गठ्ठा असतो. तो टेबलावर सपाट ठेवून उघडावा, पाने एकेक करून उलटावीत, आणि पानांचा क्रम चुकलेला दिसला तरी स्वतः लावू नये. कर्मचाऱ्यांच्या नजरेस आणावा. चुकीचा वाटणारा क्रम पुष्कळदा मुळातलाच असतो आणि कोणत्या सचिवाने कोणते कागद एकत्र हाताळले, याचा तोच एक पुरावा असतो. गठ्ठा मागवल्यापासून हाती येईपर्यंत वेळ जातो, म्हणून पहिला गठ्ठा वाचत असतानाच दुसऱ्याची मागणी करावी.

जेवणाविषयी एक सूचना. दुपारी दोनच्या आधी स्पेनमध्ये नीट जेवण मिळण्याची आशा धरू नये, आणि वायादोलिदचा अभिमान म्हणजे भट्टीत भाजलेले कोवळे कोकरू असल्याने शाकाहारी माणसाने बटाटा-अंड्याच्या तोर्तियावर किंवा सोबत नेलेल्या शिदोरीवर भिस्त ठेवावी.

कागद वाचताना

सोळाव्या शतकातील स्पॅनिश अक्षर एकसारखे नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी दरबारी कागदांत ‘कोर्तेसाना’ हे बारीक, गोलाईचे वळण आढळते. न्यायालये आणि लेखनिक यांचे ‘प्रोसेसाल’ हे वळण त्यातूनच घाईने पसरलेले आहे, आणि त्याच्या ‘एन्कादेनादा’ या प्रकारात लेखणी कागदावरून जवळजवळ उचललीच जात नाही, त्यामुळे शब्द कोठे संपतो हे कळत नाही. मोडी वाचण्याची सवय असलेल्याला येथे खरा लाभ होतो, कारण शब्द न तुटता ओळ वाहत असली तरी अर्थावरून तोड पाडायची, हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक असते. नवख्याने मात्र प्रोसेसालपासून सुरुवात करू नये. राजाच्या सचिवांची आणि राजदूतांची पत्रे बहुधा इटालियन वळणाच्या, सुटसुटीत अक्षरात असतात. तीन-चार दिवस तीच वाचावीत.

संक्षेपांची एक यादी स्वतः तयार करावी. ‘दिचो’ म्हणजे ‘सदर’ हा शब्द फक्त तीन अक्षरांत आणि वर एक रेघ देऊन लिहितात; ‘महाराज’ या अर्थाचे संबोधन दोन-तीन अक्षरांत आटोपते. रकमांमध्ये हजाराच्या जागी इंग्रजी ‘यू’सारखे दिसणारे एक चिन्ह येते. ते अक्षर समजून वाचल्यास सारा हिशेब चुकतो. एक दुकादो म्हणजे ३७५ मारावेदी आणि एक रेआल म्हणजे ३४ मारावेदी, तर पोर्तुगीज कागदांत क्रुझादु ४०० रेइशांचा आणि गोव्यातील शेराफी ३०० रेइशांचा असतो. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

मजकुराआधी कागदाचा प्रकार ओळखावा. सर्वांत मोलाचा प्रकार म्हणजे ‘कोन्सुल्ता’. मंडळाने एखाद्या प्रश्नावर चर्चा करून राजाला दिलेला हा लेखी सल्ला असतो. पान उभे दुमडून उजव्या अर्ध्या भागात मजकूर लिहिलेला असतो आणि डावा अर्धा भाग कोरा सोडलेला असतो. त्या कोऱ्या जागेत किंवा पानाच्या मागे राजाचा निर्णय येतो, आणि दुसरा फेलिपे तो अनेकदा स्वतःच्या हाताने लिहीत असे. त्याचे अक्षर अतिशय वाईट आहे. लेखनिकाच्या नेटक्या ओळींशेजारी कलत, एकमेकांत घुसत गेलेल्या, मध्येच खोडलेल्या ओळी दिसल्या, तर त्या टाळून पुढे जाऊ नये. प्रकरणाचा निकाल बहुधा त्यांतच असतो, आणि कधी कधी लेखनिकाच्या शब्दयोजनेवर राजाने केलेली कुरकुरही. पत्र असेल तर घडी घातल्यावर बाहेर येणारी बाजू आधी पाहावी. कोणाचे पत्र, कोणत्या तारखेचे, कधी मिळाले आणि त्यात काय आहे, याचा दोन ओळींचा गोषवारा सचिवाच्या कारकुनाने तेथे लिहून ठेवलेला असतो. गठ्ठा चाळताना आधी केवळ याच बाजू वाचत गेले, तर एका सकाळीत शेकडो पत्रांचा अंदाज येतो. सांकेतिक लिपीतील पत्र आले तरी घाबरू नये, कारण उकल पुष्कळदा ओळींच्या मध्येच किंवा सोबतच्या पानावर दिलेली असते.

तारखांची गणना भारताशी संबंधित पत्रांच्या बाबतीत विशेष काळजीने करावी. लिस्बनहून जहाजे साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये सुटत आणि सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत; परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत निघून पुढच्या उन्हाळ्यात लिस्बनला पोहोचत. म्हणजे गोव्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर गोव्यात परत यायला दोन वर्षांच्या आसपास काळ जाई. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून चौलजवळचा कोर्लई किल्ला जिंकला, त्याविषयीचा राजाचा विचार शोधायचा असेल, तर १५९५ आणि १५९६ चे कागद पाहावे लागतील. जहाज बुडण्याच्या भीतीने एकच पत्र दोन-तीन जहाजांतून पाठवत आणि त्यावर ‘पहिला मार्ग’, ‘दुसरा मार्ग’ असे लिहीत. तीच पत्रे पुन्हा भेटली तर ती वेगळी समजू नयेत, परंतु ताडून अवश्य पाहावीत, कारण मागाहून निघालेल्या प्रतीत कधी ताजा कलम जोडलेला असतो. शिवाय १५८२ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला, हे त्या वर्षीच्या पत्रांचा क्रम लावताना विसरू नये.

राजांचे क्रमांकही सांभाळावेत. स्पेनचा दुसरा फेलिपे हा पोर्तुगालचा पहिला, तिसरा हा दुसरा आणि चौथा हा तिसरा. एकाच टिपणात दोन्ही गणना मिसळल्या, तर सहा महिन्यांनी स्वतःचे टिपणही उलगडत नाही.

टिपणे आणि पुढचा शोध

प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर अभिलेखागार, विभाग, लेगाखो किंवा ग्रंथाचा क्रमांक आणि पत्राचा अथवा पानाचा क्रमांक याच क्रमाने लिहावा. पारेसवरील नोंदींत सिमांकासचा संकेत ‘ईएस.४७१६१.एजीएस’ असा असतो. यातील ४७ हा वायादोलिद प्रांताचा आणि १६१ हा सिमांकास गावाचा आकडा आहे. छापील लेखात मात्र ‘एजीएस’ एवढेच लिहून पुढे विभाग आणि क्रमांक देण्याची रूढी आहे. उतारा घेताना मूळ लेखन सुधारू नये. संक्षेप उलगडला तर जोडलेली अक्षरे कंसात ठेवावीत.

घरी परतल्यावर सिमांकासमध्ये मिळालेल्या प्रत्येक निर्णयाची दुसरी बाजू पणजीत शोधावी. राजाकडून गोव्याला येणारी पत्रे दरवर्षीच्या मोसमी जहाजांनुसार बांधली जात, आणि ‘मोंसोंइश दु रेइनु’ या नावाची ती ग्रंथमाला गोव्याच्या अभिलेखागारात आहे. याच मालेतील साठांहून अधिक ग्रंथ अठराव्या शतकात लिस्बनला नेण्यात आले आणि ते तेथील तोर्रि दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तेव्हा हवे ते वर्ष पणजीत न मिळाल्यास तेथे पाहावे. १६१८ पासून पुढच्या काळासाठी गोव्यातील राज्यमंडळाच्या बैठकींचे वृत्तान्त डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पाच खंडांत संपादून ठेवले आहेत. राजाचा हुकूम हाती पडल्यावर गोव्यातल्या मंडळाने त्यावर काय चर्चा केली आणि तो कितपत पाळला, हे त्यांत पाहायला मिळते. सिमांकासच्या टिपणातील तारखेत एक जहाजफेरी मिळवून त्या खंडांत शोध सुरू करावा.